माकडहाड

माणसाच्या अंगातल्या हाडांना नावं ठेवताना आपल्या पूर्वजांनी बहुतेक ठिकाणी सभ्यपणा पाळलेला आहे. बरगडी, नडगी, खुबा, कोपर ही नावं चारचौघांत घ्यायला कुणाला संकोच वाटत नाही. पण पाठीचा कणा जिथे संपतो आणि खुर्ची जिथे सुरू होते तिथे पोचल्यावर मात्र त्यांनी सगळी भीडभाड गुंडाळून ठेवली आणि सांगून टाकलं, माकडहाड! नाव ठेवलं ते असं की नावंच ठेवली.

याच हाडाचं कॉक्सिक्स हे नाव ग्रीकांकडून आलं. त्यांच्या भाषेत तो कोकिळेच्या कुळातला एक पक्षी. त्याच्या चोचीसारखा या हाडाचा बाक, म्हणून ते नाव. म्हणजे स्वतःच्या बैठकीखाली ग्रीकांना पक्षी दिसला आणि मराठी माणसाला माकड दिसलं. कल्पनाशक्तीचे गुण हवे तर ग्रीकांना द्या, पण उत्तर मराठी माणसाचं बरोबर आहे. डार्विनने १८७१ साली दोन खंडांचा ग्रंथ लिहून जे जगाच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला, ते आमच्याकडे नातवाला तेल चोळता चोळता आजी सहज बोलून जात होती. "पडला गं बाई माकडहाडावर!" आणि त्यावरून कुठे धर्म बुडाल्याची ओरड झालेली नाही.

हे हाड आपल्याला आहे हे एरवी कळत नाही. ते कळण्यासाठी पडावं लागतं. मागच्या पावसाळ्यात आमच्या जिन्याच्या ओल्या पायरीवर मला हे ज्ञान झालं. ज्ञान इतकं लख्ख होतं की काही वेळ दुसरं काही दिसेचना.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "मोडलं नाही. मुका मार आहे," ते म्हणाले आणि पेनाच्या टोकाने दाखवू लागले, "हे पहा, चार मणके. एकमेकांना चिकटलेले. कुणाला तीन असतात, कुणाला पाच. ही तुमची शेपटी."

सौ. पुढे वाकून बारकाईने पाहू लागली.

"आईच्या पोटात असताना पाचव्या आठवड्याच्या सुमारास ही चांगली मोठी असते. दहाबारा मणक्यांची. मग आठवा आठवडा संपेपर्यंत आटून जाते," डॉक्टर म्हणाले.

"आटल्यावर स्वभावात काही फरक पडतो का हो?" सौ.ने विचारलं.

डॉक्टर अनुभवी होते. त्यांनी उत्तर न देता गोळ्या लिहून दिल्या, मध्ये भोक असलेली रबरी हवेची उशी घ्यायला सांगितली आणि तीन आठवडे घरी बसा, पण बसू नका, अशा अर्थाचा काहीतरी सल्ला दिला.

आमची सोसायटी सेमिनरी हिल्सच्या अलीकडे आहे. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत रबरी उशीवर मी स्थानापन्न झालो आणि समोरच्या कडुनिंबावर वानरांची एक टोळी येऊन स्थानापन्न झाली. पंधराएक जण. म्हणजे ती रोजच येत होती. मी ऑफिसात असे, त्यामुळे आमची गाठ पडली नव्हती एवढंच. आत आवाज गेला की सौ. स्वयंपाकघरातूनच वर्दी देई, "अहो, तुमचे भाऊबंद येऊन राहिले! पेरू पहा!"

भाऊबंदांकडे पाहण्याशिवाय मला दुसरा उद्योग नव्हता. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, बसण्याच्या बाबतीत निसर्गाने आपल्याला उघड उघड फसवलं आहे. वानराच्या बैठकीवर दोन्ही बाजूंना जाड, कठीण, बिनकेसांच्या कातडीच्या गाद्या असतात. तो रात्रभर फांदीवर बसल्या बसल्या झोपतो आणि सकाळी कण्हत उठत नाही. आपल्या गोतावळ्यात गिबनलाही या गाद्या थोड्याफार आहेत. गोरिला, चिंपांझी, माणूस इथपर्यंत येता येता मात्र गाद्यांचा कोटा संपला. ज्या प्राण्याने पुढे कचेरी काढली, सतरंजीवरची संगीताची मैफल काढली, सरकारी बाक काढला, नेमक्या त्यालाच गादी नाही.

दुसरी गोष्ट शेपटीची. वानराची शेपटी त्याच्या अंगाहून लांब, जवळजवळ मीटरभर असते. अमेरिकेतली काही माकडं शेपटीने फांदी पकडून लोंबकळतात, तसं आपल्याकडचं कुणी करत नाही. आपल्या वानराची शेपटी तोल सांभाळते. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीच्या हातात काठी असते, तशी याच्या मागे शेपटी. आणि तिच्यात प्रांतभेदही आहे! चालताना उत्तरेकडच्या वानरांची शेपटी कमान करून पुढे डोक्याच्या दिशेने वळते, दक्षिणेकडच्यांची मागच्या बाजूला वळते. दोहोंमधली सीमा साधारण तापी आणि गोदावरीच्या आसपास जाते. म्हणजे नागपूरचा वानर उत्तरेकडचा. आपण भाषेवर, वरणावर आणि पोह्यांवर रस्सा घालायचा की नाही यावर प्रांत ओळखतो. ते शेपटीवर ओळखतात. उगाच आयोग नेमावा लागत नाही.

तिसरी गोष्ट पेरूंची, आणि इथे आमचं खरं दुखणं होतं. माकडहाडाचं नव्हे, दोन्ही घरांचं. वानर पिकलेला पेरू नेत नाही. तो कच्चा नेतो. आपण रोज दाबून पाहावं, अजून चार दिवस थांबू म्हणावं आणि तिसऱ्या दिवशी त्याने येऊन तो कच्चाच ओरबाडावा, यात सौ.ला निव्वळ खोडसाळपणा दिसत होता. पण त्याचं कारण वानराच्या पोटात आहे. त्याचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं. पहिल्या मोठ्या कप्प्यात जंतूंची वस्ती असते. ते कडवट पानं आंबवतात, धागे फोडतात, पानांतली विषंही पुष्कळशी मोडून टाकतात. या जंतूंना गोडाधोडाचा अतिरेक सोसत नाही, आंबटपणा वाढतो. म्हणून पानं, बिया, कच्ची फळं हा त्याचा पथ्याचा आहार. सौ.ला मी हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे डायबिटीसवाला आहे म्हणा न!" तेव्हापासून मोठ्या हुप्याबद्दल तिच्या बोलण्यात थोडी सहानुभूती आली.

त्यातली गंमत पुढेच आहे. पोटातले जंतू शेवटी पचवूनही टाकावे लागतात. त्यासाठी लायसोझाइम नावाचं द्रव्य लागतं. आपल्या अश्रूंत, लाळेत ते असतं आणि जंतूंचं कवच फोडतं. १९८७ साली शास्त्रज्ञांनी हनुमान वानराच्या पोटातलं हे द्रव्य तपासलं, तेव्हा त्यात गाईच्या द्रव्यासारखे बदल झालेले आढळले. गाय कुठे, वानर कुठे! दोन वेगवेगळ्या केंद्रांवर बसलेल्या विद्यार्थ्यांनी कॉपी न करता एकच उत्तर लिहावं, तसा हा प्रकार. गाईला आपण माता म्हणतो, वानराला मारोतीरायाचा म्हणतो. दोघांना एकत्र नमस्कार करण्याची ही एक शास्त्रीय सोय झाली.

लाल तोंडाच्या माकडाचं तंत्र निराळं. त्याला कप्प्यांचं पोट नाही, गालात पिशव्या आहेत. दिसेल ते आधी गालात कोंबायचं आणि मग झाडावर जाऊन निवांत खायचं, अशी पद्धत. लग्नाच्या पंगतीनंतर पिशव्या बाहेर काढणारी मंडळी आपण पाहिली आहेत. पण त्यांना पिशव्या घरून आणाव्या लागतात. मराठी भाषेने मात्र हा फरक फार पूर्वी टिपला. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं आणि लांब शेपटीचं ते वानर. 'माकड म्हणतं माझीच लाल' ही म्हण ज्याने केली त्याचंही वर्गीकरण पक्कं होतं. ती वानराला लागूच पडत नाही.

युरोपात हे वर्गीकरणाचं काम लिनियसने केलं. १७५८ साली त्याने माणूस, माकडं, लेमूर आणि चक्क वटवाघळं यांना एका गणात बसवलं आणि त्या गणाचं नाव ठेवलं प्रायमेट्स, म्हणजे पहिल्या प्रतीचे. परीक्षक आपणच असल्यावर पहिला नंबर आपलाच येणार. वटवाघळांना नंतर वर्गाबाहेर काढण्यात आलं, पण माणसाला माकडांच्या बाकावरून उठवणं कुणाला जमलं नाही. अकरा वर्षं आधी त्याने एका मित्राला पत्र लिहून विचारलं होतं की, माणूस आणि वानर यांना वेगळं करणारी एखादी ठोस शारीरिक खूण असेल तर कळवावी, मला तरी सापडत नाही. माणसाला वानर म्हटलं तर धर्मगुरू तुटून पडतील, हेही त्याने लिहिलं होतं. आपल्या विश्वकोशवाल्यांना ही भीती नव्हती. त्यांनी या गणाला सरळ 'नरवानर गण' म्हटलं. जुने पंडित तर वानर या शब्दाचीच 'वा नर', म्हणजे 'की हा माणूसच?' अशी फोड करीत. लिनियसला जे पत्रात विचारावं लागलं, तो प्रश्न आमच्या शब्दातच बसलेला.

आपल्या वानराला शास्त्रीय नाव मिळालं १७९७ साली, एंटेलस. व्हर्जिलच्या महाकाव्यात या नावाचा एक म्हातारा मुष्टियोद्धा आहे. मारोतीरायाच्या वंशजाला परदेशी पहिलवानाचं नाव! पुढे १८२२ साली त्याच्या कुळाला सेम्नोपिथेकस म्हटलं गेलं, त्याचा अर्थ पूज्य वानर. एवढी दुरुस्ती झाली हे बरं झालं. बराच काळ हनुमान वानराची एकच जात मानत असत. २००१ साली ग्रोव्हज नावाच्या पंडिताने तिच्या सात केल्या. घरच्या वाटण्या होतात तशी ही वाटणी झाली. मूळ एंटेलस हे नाव आमच्या बाजूच्या, मैदानी मुलखातल्या वानरांकडे राहिलं. थोरली पाती म्हणा ना.

मग वानराची शेपटी राहिली आणि आपली गेली कुठे? सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या आणि गिबन, गोरिला यांच्या समाईक पूर्वजाच्या एका जनुकात एक उपरा तुकडा घुसला, असं २०२४ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. उंदरांच्या त्याच जनुकात तसाच बदल करून पाहिला, तर काही उंदीर आखूड शेपटीचे आणि काही बिनशेपटीचे जन्मले. म्हणजे आपण शेपटी विचारपूर्वक सोडली, प्रगती केली, वगैरे काही नाही. कारकुनाच्या हातून नकलेत एक ओळ जास्त पडली आणि अख्ख्या कुळाचा ऐवज गेला. तक्रार करायला आता अडीच कोटी वर्षं उशीर झाला आहे.

अशीच दुसरी एक वस्तू आपण हरवली आहे, आणि तिच्यावर नागपूरचा बाजार चालतो. कुत्रा, मांजर, गाय यांच्या शरीरात क जीवनसत्त्व घरच्या घरी तयार होतं. माणूस, कपी आणि वानर यांच्या पूर्वजांची ही विद्या फार पूर्वी गेली. झाडावर फळं-पानं इतकी होती की कुणाला उणीव जाणवलीच नाही. आता वानर ते पानांतून मिळवतो आणि आपण संत्र्याच्या फोडींतून. आंबिया बहार, मृग बहार, ट्रकवर चढणाऱ्या पेट्या, २०१४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, ही सगळी उलाढाल एका बिघडलेल्या जनुकाच्या कृपेने आणखी गोड लागते. कुत्र्यांचं राज्य असतं तर संत्र्याला कुणी इतकं विचारलं नसतं.

या घराण्याचा फार जुना कागद शोधायला गेलं तर त्यावरही नागपूरचाच शिक्का सापडतो. स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली इथे आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. धर्मप्रचार करता करता ते सीताबर्डी, टाकळी या भागातले खडक फोडून जीवाश्म गोळा करीत. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. सव्वाशे वर्षांनी, १९८८ साली, आताच्या तेलंगणातल्या नास्कल गावाजवळ तशाच थरात उंदराएवढ्या एका प्राण्याचे दात सापडले आणि त्याचं नाव ठेवलं गेलं डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. वय साडेसहा कोटी वर्षांच्या पुढे. दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हाचं. त्याच्या घोट्याची आणि कोपराची हाडं झाडावर चढणाऱ्याची आहेत, तो नरवानरांच्या मुळाजवळचा असावा, असं काहींनी मांडलं. इतरांना ते मान्य नाही. भाऊबंदकी आली की वाद आलाच.

हे सगळं मी रबरी उशीवर बसून वाचत होतो. समोर थोरली पाती कडुनिंबावर बसली होती. तिच्यात एक नवीन पोर आलं होतं. वानराचं पोर मोठ्यांच्या अगदी उलट रंगाचं असतं. अंग काळपट आणि तोंड गुलाबी. मोठं होता होता अंग उजळतं आणि तोंड काळं होतं. (हा प्रकार माणसातही पाहिला आहे, पण त्याला वेगळी कारणं असतात.) पोर आईकडे फार वेळ नसेच. मावशी घेई, आत्या ओढी, एखादी अनुभव नसलेली तरणी पोर ते उलटंच धरी आणि आई निवांत पाला खात बसे. पाळणाघराची फी नाही.

ही टोळी येई ती ठरलेल्या वाटेने. पलीकडच्या प्लॉटवर जुनी चिंच होती. चिंचेवरून आमचा कडुनिंब, कडुनिंबाची एक लांब फांदी रस्त्यावरून पलीकडच्या जांभळापर्यंत. चिंच दोन वर्षांपूर्वी गेली, तिथे सहा मजले आले. त्या बाजूने टोळी आता भिंतीवरून येई. रस्त्यापलीकडे जायला मात्र ती एक फांदी उरली होती. आणि सोसायटीच्या सभेपुढचा विषय क्रमांक तीन होता, 'सदर फांदी छाटणेबाबत'.

सभेच्या आदल्या आठवड्यात वाऱ्याने रस्त्यावरच्या तारा त्या फांदीत गुंतल्या आणि दोन दिवस तिथे माणसं शिडी लावून काम करीत होती. टोळीतले नर कसेबसे गच्च्यांवरून गेले. मागे राहिली ती पोटाशी पोर धरलेली मादी. बराच वेळ ती कुंपणावर बसून होती. मग खाली उतरली. फांदीवर जी इतकी डौलदार दिसत असे ती डांबरावर अवघडल्यासारखी दिसत होती. लांब मागचे पाय, आखूड पुढचे, वर झालेली पाठ. ते हात फांदी धरण्यासाठी आहेत. अंगठा तर इतका लहान की फांदीच्या आड येऊ नये. ते डोळे झाडांतलं अंतर मोजण्यासाठी आहेत, स्कूटरचा वेग मोजण्यासाठी नव्हेत. ती अर्ध्यात पोचली आणि कोपऱ्यावरून पाण्याचा टँकर वळला. मी उशी विसरून उभा राहिलो. खाली भाजीवाला ओरडला. टँकरवाल्याने ब्रेक मारला. ती क्षणभर तिथेच बसली, पोराला एका हाताने दाबून, आणि मग एका उडीत जांभळावर गेली. पोर तिच्या पोटाला घट्ट धरून होतं. जन्मल्याबरोबर जी एक गोष्ट त्यांना येते ती हीच. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते मूठ मिटून घेतं ना, त्यालाही हेच शिकवलेलं आहे. फक्त धरायला आईच्या अंगावर केस उरलेले नाहीत.

सभेला मी उशी घेऊन गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी मुद्दे मांडले. वानरांनी सोलरचा पाइप वाकवला, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांचा सडा केला, मुलं घाबरतात. सगळं खरं होतं. दुसऱ्या एकाने १९७५ चा झाडांचा कायदा काढला, फांदीलाही महानगरपालिकेची परवानगी लागेल म्हणाला. त्यावर तिसऱ्याने आवाज चढवला, चौथा उभा राहिला, पहिल्याने दात दाखवले, तरुण सभासद भिंतीकडे सरकले. गेले तीन आठवडे मी हेच समोरच्या झाडावर पाहत होतो. फक्त तिथे इतिवृत्त लिहीत नसत. मी उठून लायसोझाइमपासून सुरुवात केली. अध्यक्षांनी बसायला सांगितलं. मला बसणंच कठीण होतं, म्हणून मी उभ्यानेच बोललो, टँकरपर्यंत आलो आणि थांबलो.

मग तळमजल्यावरच्या आजी बोलल्या. वय चौऱ्याऐंशी. सभेत त्या कधी बोलत नाहीत.

"फांदी तोडून टाका न. मी काय म्हणून राहिली? पण तुम्ही तोडली म्हणून ते येणं बंद होईल काय बाप्पा? पेरू इथं, जांभूळ तिथं. ते येईनच. मग रस्त्यावरून येईन. आणि एक दिवस त्या टँकरखाली येईन. मंग खाली जाऊन उचलणार कोण, तेवढं आताच लिहून ठेवा."

कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण दोनदा उघडलं, दोनदा लावलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि इतिवृत्तात ओळ गेली, 'विषय क्रमांक तीन पुढील सभेपर्यंत स्थगित.'

पुढच्या सभेतही तो स्थगित झाला. त्याच्या पुढच्या सभेला गणपूर्तीच झाली नाही. बैठकीच्या गाद्या गेल्या, शेपटी गेली, क जीवनसत्त्व करण्याची विद्या गेली, हे सगळं कबूल. पण त्या बदल्यात नरवानर गणात फक्त आपल्यालाच एक गोष्ट मिळाली आहे, निर्णय पुढे ढकलण्याची. तिची आजवर मी पुष्कळ चेष्टा ऐकली आहे. पण सध्या तरी पंधरा जणांची एक टोळी रोज सकाळी तिच्यावरूनच रस्ता ओलांडते.